खातेदार याचक नव्हे

(बँकेने कापलेल्या शुल्काचा परतावा कसा मागावा, या विषयावरील भाषणाचा मजकूर)



आज मी जो विषय तुमच्यापुढे मांडणार आहे, तो वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. शंभर-दोनशे रुपयांचा विषय आहे तो. बँकेच्या पासबुकात मधूनच एक ओळ छापून येते. तिच्यात काही इंग्रजी आद्याक्षरे असतात, आणि त्या ओळीसरशी खात्यातील रक्कम कमी झालेली असते. कोणी म्हणतो, बँकेने दंड कापला. कोणी म्हणतो, नियमच तसा असेल. बहुतेक जण तर काहीच म्हणत नाहीत. या न बोलण्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

हा दंड कोणाला पडतो, याचा प्रथम विचार करा. ज्याच्या खात्यात लाखभर रुपये पडून आहेत, त्याला किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड कधीच पडत नाही. ज्याची नोकरी सुटली, ज्याच्या घरी दुखणे आले, ज्याला पावसाळ्यात चार महिने मजुरी मिळाली नाही, त्याचीच शिल्लक घसरते आणि त्यालाच दंड पडतो. म्हणजे जवळ पैसे नाहीत, म्हणून पैसे भरावयाचे, असा हा प्रकार आहे. सन २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी केवळ किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले, अशी माहिती जुलै २०२४ मध्ये सरकारने लोकसभेत दिली. हे डोंगराएवढे धन दोन-दोनशे रुपयांच्या ओळींतूनच उभे राहिले आहे. म्हणून तुमच्या पासबुकातील ती एक ओळ क्षुल्लक आहे, असे कृपा करून समजू नका.

आपल्या घरांत तर या ओळीला आणखी एक अर्थ आहे. मुलामुलींची शिष्यवृत्ती आज थेट बँकेच्या खात्यात जमा होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या समाजाला अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० सालापर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, वाट पाहावी लागली. इतक्या सायासाने मिळालेल्या शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात पडावी आणि मागील दंडाच्या नावाने तिचा लचका तोडला जावा, आणि आपण ‘असेल काही नियम’ म्हणून गप्प बसावे, हे योग्य नव्हे. नियम आहे काय, आणि असल्यास तो बँकेने पाळला काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक खातेदाराला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. परतावा मागणाऱ्या माणसाने आरंभीच एक भेद लक्षात घेतला पाहिजे. बँकेने कापलेली रक्कम दोन प्रकारची असते. पहिली, नियम मोडून कापलेली. ती तुमचीच रक्कम आहे. ती मागताना विनवणी करण्याचे कारण नाही. ‘परत करा’ असेच म्हटले पाहिजे. दुसरी, नियमाप्रमाणे कापलेली, परंतु तुमच्या हलाखीच्या काळात कापलेली. तेथे ‘माफ करा’ अशी विनंती करावयाची असते. पुष्कळ लोक या दोहोंची सरमिसळ करतात. जेथे हक्क आहे तेथे ते हात जोडतात, आणि जेथे विनंती करावयाची तेथे भांडतात. परिणामी दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततात.

पहिल्या प्रकाराचा विचार करू. व्यापारी बँकांनी किमान शिल्लकेचा दंड कसा आकारावा, याविषयी रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी परिपत्रक काढले, आणि त्यातील दंडक १ एप्रिल २०१५ पासून अमलात आले. त्यांतील चार गोष्टी पाठ करून ठेवण्याजोग्या आहेत. एक, शिल्लक कमी झाल्याबरोबर दंड कापता येत नाही. आधी खातेदाराला संदेशाने, पत्राने किंवा अन्य मार्गाने स्पष्ट सूचना द्यावी लागते, आणि शिल्लक भरून काढण्यास निदान एक महिन्याची मुदत द्यावी लागते. दोन, दंड जितकी तूट तितक्या प्रमाणात असावा लागतो. तुटीच्या रकमेवर ठराविक टक्केवारी धरावयाची, आणि वसुलीसाठी टप्पे ठरवावयाचे, असा तो नियम आहे. तीन, दंड वाजवी असला पाहिजे, आणि ती सेवा पुरविण्याच्या सरासरी खर्चाशी तो विसंगत असता कामा नये. चार, केवळ या दंडामुळे खात्यातील शिल्लक शून्याच्या खाली जाता कामा नये.

उदाहरण घेतल्याशिवाय हे नीट उमगणार नाही. समजा, एका भगिनीच्या खात्यात किमान दोन हजार रुपये ठेवण्याची अट आहे. घरातील कर्ता माणूस आजारी पडला आणि शिल्लक नव्वद रुपयांवर आली. बँकेने अडीचशे रुपये दंड लावला. खाते उणे एकशे साठ झाले. पुढे सहा महिन्यांनी कुठून तरी पाच हजार जमा झाले, तेव्हा बँकेने त्यांतून ते एकशे साठ रुपये वळते करून घेतले. येथे दोन प्रश्न विचारावयाचे. सूचना कोणत्या तारखेला दिली, आणि कोणत्या मार्गाने दिली? महिन्याची मुदत दिल्याचे दाखविता येत नसेल, तर तो सगळा दंडच नियमबाह्य ठरतो. आणि सूचना दिलेली असली, तरी खाते शून्याखाली नेणारे एकशे साठ रुपये कोणत्या नियमाने घेतले? या दुसऱ्या प्रश्नाला बँकेजवळ समाधानकारक उत्तर असू शकत नाही. शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. तेव्हा परतावा मागताना त्या कराची रक्कमही मागावयास विसरू नका.

याखेरीज काही खाती अशी आहेत की, त्यांवर हा दंड लावताच येत नाही. ज्याला आपण ‘झिरो बॅलन्स’ खाते म्हणतो, त्या प्राथमिक बचत खात्यात किमान शिल्लकेची अटच नाही. २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेतील खाती याच जातीची होत. या खात्यात कितीही वेळा पैसे भरता येतात, महिन्यात निदान चार वेळा पैसे काढणे विनाशुल्क असते, आणि एटीएम कार्डही फुकट मिळते. तसेच दोन वर्षे व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. शिष्यवृत्तीसाठी किंवा सरकारी योजनेच्या लाभासाठी उघडलेले शून्य शिल्लकेचे खाते दोन वर्षे पडून राहिले, तरी ते निष्क्रिय धरू नये, असेही त्यात सांगितले आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, ‘वकीलसाहेब, नियम कागदावर असतात. एकदा गिळलेला पैसा बँक परत देते काय?’ देते. देशातील सर्वांत मोठ्या बँकेने प्राथमिक बचत खात्यांतून महिन्यात चारापेक्षा अधिक व्यवहार झाल्यास, मोबाइलवरून केलेल्या साध्या व्यवहारावरदेखील, दर खेपेस १७ रुपये ७० पैसे कापण्याचा परिपाठ ठेवला होता. पंधरा रुपये शुल्क आणि २ रुपये ७० पैसे कर, असा तो हिशेब. मुंबईच्या आय. आय. टी. मधील अभ्यासकांनी हा प्रकार उजेडात आणला. ३० ऑगस्ट २०२० रोजी प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढले, आणि १ जानेवारी २०२० पासून विहित डिजिटल व्यवहारांवर घेतलेले शुल्क ताबडतोब परत करावे, असे सर्व बँकांना कळविले. त्याप्रमाणे कोट्यवधी रुपये गरीब खातेदारांच्या खात्यांत परत गेले. परंतु त्या तारखेपूर्वी कापलेल्या रकमेचा मोठा हिस्सा त्या वेळी परत आला नाही. यातून घ्यावयाचा बोध असा की, परतावा मिळतो, पण कोणी तरी नियम आणि तारीख दाखवून मागणी केल्यावर मिळतो.

आता दुसरा प्रकार. बँकेने सूचना दिली, मुदत दिली, दंडही नियमात बसतो, आणि तरी तो भरण्याची तुमची ऐपत नाही. अशा वेळी हलाखीच्या कारणास्तव शुल्क परत केलेच पाहिजे, असे बँकेला भाग पाडणारा सरसकट नियम आपल्याकडे नाही. जो तसे आश्वासन देईल तो तुमची दिशाभूल करील. परंतु बहुतेक बँकांत शाखेच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याला असे शुल्क माफ करण्याचा काही अधिकार दिलेला असतो, आणि कारण पटल्यास तो वापरलाही जातो. मात्र ते कारण कागदावर दिसले पाहिजे. काम सुटल्याचे पत्र, रुग्णालयाची कागदपत्रे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेची नक्कल, यांपैकी जे खरे असेल ते जोडावे. आपल्या गरिबीचा पुरावा देण्यात कमीपणा नाही. कमीपणा असलाच, तर तो खोटा पुरावा देण्यात आहे.

परदेशातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये २००६-०७ च्या सुमारास हजारो खातेदारांनी खात्यावरील उचलीच्या शुल्काचा परतावा मागितला. हे शुल्क मुळातच अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या नियमावलीच्या आधारे ही तपासणी मागितली आहे, तिच्याखाली या शुल्काची रक्कम वाजवी आहे किंवा नाही हे तपासता येत नाही. सरसकट मागण्या ढासळल्या. पण जे खातेदार खरोखर आर्थिक विपत्तीत होते, त्यांचा मार्ग बंद झाला नाही. कारण अडचणीतील ग्राहकाशी सहानुभूतीने वागण्याचे बंधन बँकांवर वेगळेच होते. पुढे एप्रिल २०२० पासून तेथील नियामकाने पूर्वमंजुरीवाचूनच्या उचलीवरील ठोक दंडच बंद करविला. तेथील कायदा आपल्याला लागू नाही. पण युक्तिवादाची रीत घेण्याजोगी आहे. ‘बँका लुटतात’ एवढ्या मोघम वाक्याने काही साधत नाही. ‘माझ्या खात्यातून, अमुक तारखेला, अमुक रक्कम, अमुक नियम मोडून गेली, आणि त्या वेळी माझी स्थिती अशी होती’, हे वाक्य टिकते.

तर मग अर्ज कसा लिहावा? आपल्याकडे अर्जाची एक जुनी भाषा रूढ आहे. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’, ‘गरिबावर दया व्हावी’, ‘उपकार विसरणार नाही’. ही भाषा आपण टाकून दिली पाहिजे. उद्धटपणाही नको. सभ्य, सरळ आणि मोजकी भाषा असावी. नमुना असा घ्या :

‘शाखा व्यवस्थापक यांस. मी आपल्या बँकेची बचत खातेदार असून माझा खाते क्रमांक अमुक आहे. दिनांक अमुक रोजी माझ्या खात्यातून किमान शिल्लकेच्या दंडापोटी करासह अमुक रुपये कापण्यात आले. तत्पूर्वी एक महिन्याच्या मुदतीची सूचना मला मिळालेली नाही. या कपातीमुळे माझे खाते उणे झाले. हे रिझर्व्ह बँकेच्या दंडकांविरुद्ध असल्याने सदर रक्कम माझ्या खात्यात परत जमा करावी. सूचना दिली असल्यास तिची तारीख व नक्कल द्यावी. काही रक्कम नियमानुसार कापली असल्याचे आपले मत असल्यास, सोबत जोडलेल्या कागदपत्रांवरून माझी आर्थिक अडचण ध्यानात घेऊन ती माफ करावी, ही विनंती. तसेच माझे खाते प्राथमिक बचत खात्यात रूपांतरित करावे. उत्तर लेखी मिळावे.’

पाहा, एकाच अर्जात प्रथम हक्काची मागणी आहे, तिच्यानंतर विनंती आहे, आणि शेवटी पुढील दंड टाळण्याची तजवीज आहे. हाच क्रम ठेवा. खाते बदलून घेताना एवढे लक्षात असू द्या की, प्राथमिक बचत खाते असणाऱ्याला त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर शिक्का, सही व तारीख घेऊन ती घरी जपून ठेवावी. शाखेने पोच देण्याचे नाकारल्यास अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. काउंटरवरील तोंडी बोलणे हा पुरावा नव्हे. ‘साहेब जेवायला गेले आहेत, उद्या या’, असे तीनदा ऐकून कंटाळून घरी बसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. ज्याच्या हातात पोच आहे, त्याला उद्या येण्याची गरज राहत नाही. त्याच्या बाजूने दिवस मोजले जात असतात.

हे दिवस किती? तीस. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पूर्वीच्या तीन लोकपाल योजना एकत्र करून नोव्हेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था एकसूत्री करण्यात आली. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर करता येते, किंवा साध्या पत्राने चंदीगड येथील केंद्राकडे पाठविता येते. चौकशीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. या तक्रारीला एक पैसाही शुल्क नाही. आणि मी स्वतः वकील असूनही हे आनंदाने सांगतो की, तेथे तुमच्या वतीने वकिलाला उभे राहता येत नाही. तक्रार तुम्ही स्वतः करावयाची, किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीला अधिकार देऊन करावयाची. घरातील शिकलेली मुलगी आईच्या वतीने ती करू शकते. लोकपालाकडे जाण्यालाही मुदत असते. म्हणून तीस दिवस उलटताच किंवा उत्तर हाती पडताच पुढचे पाऊल टाका.

तेथेही दाद न लागली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे तक्रार करावी. सेवेचे मूल्य पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. मात्र एकाच तक्रारीवर आयोग आणि लोकपाल यांचे दरवाजे एकदम ठोठावू नयेत. प्रकरण आयोगापुढे असता लोकपाल ते हाती घेत नाही. शिवाय बँक आणि पतसंस्था यांतील फरक ओळखा. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते. तिच्याविषयीची तक्रार लोकपालाकडे नव्हे, तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे न्यावी लागते. बँक सरकारी असल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून दंडाचे दरपत्रक व त्यामागील नियम मागता येतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते दहा रुपयेही माफ आहेत.

कर्जाचा हप्ता चुकला असता जो दंड लागतो, त्याविषयी दोन शब्द सांगतो. सावकाराच्या वहीत व्याज मुद्दलात मिसळे आणि त्या बेरजेवर पुन्हा व्याज चढे, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांनी सोसलेली आहे. कर्जावरील दंडाच्या बाबतीत तसे करण्यास रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने मनाई केली. दंड हा व्याजाचा दर वाढवून घ्यावयाचा नाही, तो वेगळा दाखवावयाचा, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज आकारावयाचे नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, आणि जुनी कर्जेही ३० जून २०२४ पर्यंत या पद्धतीखाली आणावयाची होती. तेव्हा कर्जखात्याचा उतारा मागा, आणि दंडावर व्याज चढलेले दिसल्यास ते परत मागा.

काही बँकांनी किमान शिल्लकेचा दंडच काढून टाकला आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील ती अट उठविली, आणि २०२५ साली आणखी काही सरकारी बँकांनी तोच मार्ग धरला. आपल्या बँकेत आज काय नियम आहे, ते विचारून घ्या. मात्र दंड बंद झाला म्हणजे पूर्वी चुकीने कापलेली रक्कम आपोआप परत येते, असे नाही. ती मागावीच लागते.

आणखी एक सावधगिरी. परतावा मिळवून देतो म्हणून अर्धा वाटा मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, मोबाइलवर आलेला आकडा सांगा’, असा दूरध्वनी आल्यास तो चोराचाच समजा. परतावा जमा करण्यासाठी बँकेला तुमच्या गुप्त आकड्याची गरज नसते.

बंधु-भगिनींनो, तुमच्याकडून मला एकच काम हवे आहे. येत्या आठवड्यात घरातील प्रत्येक पासबुक अद्ययावत छापून घ्या. जो मुलगा किंवा मुलगी वाचू शकते, तिच्याकडून गेल्या दोन वर्षांच्या नोंदी मोठ्याने वाचून घ्या. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही, तिच्यावर पेन्सिलीने खूण करा आणि तिचा अर्थ बँकेला लेखी विचारा. वस्तीत चार शिकलेली मुले असतील, तर त्यांनी रविवारी दोन तास बसून शेजाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत. दोनशे रुपये परत मिळाले तर घरात दोन दिवसांचा बाजार येईल, हे तर आहेच. पण ज्या माउलीने आयुष्यात प्रथमच एखाद्या कचेरीला ‘हे कोणत्या नियमाने केले?’ असे लेखी विचारले आणि लेखी उत्तर मिळविले, ती पुढे रेशनच्या दुकानात, शाळेत आणि तहसील कचेरीतही तोच प्रश्न विचारील. बँकेत आपण ज्या खिडकीपुढे उभे राहतो, तेथे आपला पैसा ठेवलेला असतो. तेथे मान खाली घालून उभे राहण्याचे आपल्याला काहीही कारण नाही.